जिनातली दुपारची पाळी

वैशाखातल्या भर दुपारी माझ्या सगळ्या बाया भाकरी खाऊन लिंबाखालून उठल्या आणि आत यायचं सोडून गेटकडे निघाल्या. आत इंजिन चालू होतं. रेचे रिकामेच फिरत होते.

मी अकोल्याच्या एका जिनात मुकादमीण होते. जिन म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. सरकी काढणाऱ्या यंत्राला रेचा म्हणतात. प्रत्येक रेच्यावर एक बाई बसते आणि हाताने त्याला कापूस चारत राहते. रुई पुढे निघते, सरकी खाली पडते. रुई उडू नये म्हणून खिडक्या बंद ठेवायच्या. थंडीत हे चालून जातं. वैशाखात आत भट्टी होते.

त्या साली कापूस उशिरा आला होता. आवारात ढीग पडून होते. शेठने मला बजावलं होतं, "मृगाच्या आधी आवार रिकामं पाहिजे. नाहीतर पुढच्या हंगामात मुकादमीणही दुसरी आणि बायाही दुसऱ्या." बाया मी आणलेल्या. काही माझ्या गल्लीतल्या, काही थेट हिवरखेडच्या. त्यांची मीठमिरची याच कामावर चालायची.

मी तडक मॅनेजरच्या ऑफिसात गेले. मॅनेजर पुण्याकडचे, नुकतेच आलेले. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात आणि ते मुंबई इलाख्यातले. माणूस वाईट नव्हता, नवा होता.

"साहेब, बाया काहून चालल्या? काय म्हटलं तुमी त्याईले?"

"मी काय म्हणणार? त्या झाडाखाली बसल्या होत्या. मी विचारलं, कामाचं काय? म्हणाल्या, करून राहिलो. काम करून रिकाम्या राहिल्या असाल तर सरकीची पोती उचला म्हटलं. आणि उद्यापासून दुपारचं बसणं बंद."

मला हसू आलं नाही. बाया गेटपाशी पोचल्या होत्या.

"साहेब, मी आता तुमच्यासंग बोलून राहिली. माह्यं बोलणं संपलं काय?"

"नाही. अजून बोलताच आहात."

"मंग तसंच. त्या काम करूनच राहिल्या. घास खायले टेकल्या होत्या. तुमी त्याईले रिकामटेकड्या ठरवलं."

साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. तेवढ्यात आमचे इंजिन ड्रायव्हर कासमभाई दारात आले.

"बाई, वो रुखमा बोल रही है, साहेबाले सांगा, आमी घरी जाऊन राहिलो."

साहेब ताडकन उठले. "जाऊन राहिलो. म्हणजे अजून गेल्या नाहीत ना?"

"नाही," मी म्हटलं. "पन तुमी इचारतच बसले तं जातीन."

ते तसेच उघड्या डोक्याने गेटपर्यंत पळाले. असा पळणारा साहेब बायांनी कधी पाहिला नव्हता. त्या मजा पाहायला थांबल्या.

रुखमा सगळ्यांत फटकळ. "साहेब, डोकं झाका. लू लागली तं नाव आमचं येईन."

"माझी चूक झाली. मला तुमचं बोलणं समजलं नाही. पोती उचलू नका, आत चला."

"आज तुमची चूक झाली. उद्या दुसरा साहेब येईन, त्याची बी होईन. आमचं टेकणं तुमच्या मर्जीवर काहून?"

प्रश्न बरोबर होता. साहेबांची अडचणही खरी होती. सगळ्या एकदम उठल्या की इंजिन फुकट फिरे आणि कोळसा जळे. मी म्हटलं, पाळ्या लावा. रेच्याचा पट्टा बाजूच्या ढिल्या चाकावर सरकवला की तेवढाच रेचा थांबतो, बाकीचे चालतात. अर्ध्या बायांनी टेकायचं, अर्ध्यांनी कापूस चारायचा, मग अदलाबदल. कोणी कधी टेकायचं ते मी ठरवणार, त्यात साहेबांनी पडायचं नाही. लिंबाला ओली तरटं बांधून झळ अडवायची.

"आणि काम कमी भरलं तर?" साहेबांनी विचारलं.

"तं मले काढा. बायाईले नाही."

कासमभाई म्हणाले, "पट्टा मैं सरका दूंगा. मगर नंबर आया तो गप्पा बंद, उठने का."

"पयली पाळी कोनाची?" रुखमाने विचारलं.

"तुही नाही," मी म्हटलं. "तुह्यं तोंड चालत होतं तवा हाताले लय आराम झाला."

बाया हसल्या आणि आत गेल्या.

काम कमी भरलं नाही, उलट वाढलं. टेकून आलेल्या बाईचा हात सकाळसारखा चालतो. मृग लागायच्या आधी आम्ही आवार झाडून घेतलं. एकही बाई सोडून गेली नाही. पुढच्या हंगामात शेठने त्याच बाया मागितल्या, आणि शेजारच्या जिनाचा मुकादम माझ्याकडे पाळी कशी लावायची ते विचारायला आला. मी सांगितलं. त्याला दोनदा सांगावं लागलं.

उन्हाळ्यात कामगारांना गुळाचं सरबत पाजा म्हणतात. पाजा. पण आधी टेकायची वेळ सांगा. उभ्याने सरबत पिऊन कोणी खूश होत नाही.