लिफ्टच्या विहिरीतली दोरी

मला लहानपणापासून एक खोड आहे. कुणीही काही करताना दिसलं की मी विचारते, हे असंच का? आई वैतागायची. म्हणायची, हिला सासरी पाठवली तर उंबरा ओलांडायच्या आधी सासूला विचारील, चूल इकडंच का मांडली. सासर अजून लांब होतं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी जालन्यात एका कंप्युटरच्या दुकानात लागले होते आणि अंबडहून रोज एसटीनं ये-जा करत होते. दोन हजार सालाच्या जरा अलीकडची-पलीकडची ही गोष्ट.

गावाबाहेर बियाण्याच्या एका कंपनीनं नवी इमारत बांधली होती. तोवर त्यांचं सगळं काम जुन्या जालन्यात, धान्याच्या दुकानांमधल्या एका लांबलचक गोदामात चालायचं. तिथं मालकांपासून हमालापर्यंत सगळे एका छताखाली. आता तळमजला आणि वर तीन मजले. आमच्या दुकानदारांनी सांगितलं, जा, बघून ये, सगळ्या मजल्यांवरचे कंप्युटर एकमेकांना जोडायचेत. असं मजल्यांवर मजले जोडणारं नेटवर्क मी तोवर फक्त पुस्तकातल्या आकृतीत पाहिलं होतं. मला इतका आनंद झाला की विचारू नका.

दारातून आत शिरलं की पहिलंच टेबल ताईंचं. वय चाळिशीचं, एक पाय लहानपणी पोलिओनं गेलेला, कुबडी भिंतीला टेकवलेली. माल सोडायचं काम त्यांच्याकडं. कुठल्या लॉटचं बियाणं कुठल्या ट्रकमध्ये चढणार हे त्या सांगणार, आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय एक पिशवीही जागची हलणार नाही. मी टेप काढून भिंत मोजायला लागले तसं त्यांनी मला बोलावलं, समोर चहा ठेवला आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं.

प्रत्येक लॉटमधलं थोडं बियाणं प्रयोगशाळेत ओल्या कागदात गुंडाळून, वाळूच्या ट्रेमध्ये पेरून उगवून बघतात. पुरेसं उगवलं तर लॉट पास. जुन्या गोदामात प्रयोगशाळा ताईंच्या शेजारच्याच खोलीत होती. उठायचं, चार पावलं जायचं, बघायचं आणि ट्रकवाल्याला आवाज द्यायचा. नव्या इमारतीत उजेडासाठी प्रयोगशाळा गेली तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टसाठी जागा सोडली होती, पण लिफ्ट बसवायचं 'पुढच्या साली बघू' म्हणून राहिलं होतं. मालकांचं म्हणणं, या कामाला आता पळता येणारा माणूस पाहिजे. त्यांचा पुतण्या मोकळाच होता.

"मालकांकडून एक हंगाम मागून घेतलाय," ताई म्हणाल्या. "वरचा उगवणीचा आकडा माझ्या टेबलावर आला, तर खुर्ची माझी. न्हाई आला तर पुतण्या बसल. मला घरी बसून पगार देतो म्हन्ले, मानूस वाईट न्हाई. पण बसून काय करू माय?"

मी चहा संपवला आणि मनाशी म्हटलं, बाई गं, हे जमलंच पाहिजे.

नेटवर्क आखायचं तर आधी बघायचं, कोण कुणाशी बोलतं. दोन दिवस मी नुसती या मजल्यावरून त्या मजल्यावर फिरले आणि प्रत्येकाला पिडलं. हा कागद कुठून आला? आता कुठं चालला? मध्येच हा इथं का थांबला? लोक हसायचे, कंप्युटरवाल्या बाई आल्या म्हणायचे, पण सांगायचे मात्र सगळं. आणि त्या फिरण्यात मला लिफ्टची विहीर सापडली. विहीर हा त्यांचाच शब्द. लिफ्टसाठी सोडलेली, वरपासून खालपर्यंत उभी पोकळी. तिच्यात वरून एक दोरी सोडलेली. आधी म्हणे तिला जेवणाचा डबा बांधलेला असायचा. प्रयोगशाळेतले लोक आकड्याची चिठ्ठी डब्यात टाकून दोरी सोडायचे, ताईंच्या खुर्चीच्या पाठीमागं डबा टण्ण वाजायचा. मी खुळ्यासारखी कितीतरी वेळ ती दोरी वर-खाली करत बसले. मला करायचं होतं ते यांनी आधीच करून ठेवलं होतं!

पण डब्याचं झाकण एकदा सैल राहिलं, वाऱ्यानं चिठ्ठी उडाली, आणि परतूरला जायचा ट्रक दिवसभर दारात उभा राहिला. त्यानंतर मालकांनी डबा बंद करायला लावला. दोरी तेवढी लोंबत राहिली होती.

विहीर बघितल्यावर माझं अर्धं काम झालं. वरून खाली जायचा रस्ता मिळाला. प्रत्येक मजल्यावर एक हब, म्हणजे त्या मजल्याच्या सगळ्या वायरी जिथं येऊन मिळतात ती पेटी. चारी पेट्या विहिरीतून जाणाऱ्या केबलनं एकमेकींना जोडायच्या. मजल्यावर मात्र वायर कुठून न्यायची? बहुतेक सगळ्यांची टेबलं दक्षिणेच्या खिडक्यांना लागून होती, पाठ उन्हात. म्हणून खिडक्यांखालून भिंतीनं वायरींची पट्टी मारली आणि जिथं टेबल तिथं पॉइंट बसवला. एक टेबल, एक पॉइंट. काय देखणा नकाशा झाला होता! मी तो घरी नेऊन आईलासुद्धा दाखवला. आई म्हणाली, रांगोळी बरी हाय.

त्या केबलचंही मला भारी कौतुक. वरचं आवरण सोललं की आत आठ बारीक तारा, दोन-दोनच्या जोडीनं पीळ दिलेल्या, आणि प्रत्येक जोडीचा पीळ वेगळा. का? तर शेजारच्या जोडीची कुजबुज या जोडीत शिरू नये म्हणून. हे मी ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, आमच्या कार्यालयालापण असा पीळ देता येतो का बघ.

पौष सरता सरता काम संपलं. वरती प्रयोगशाळेच्या कंप्युटरवर एकानं लॉटपुढं उगवणीचा आकडा लिहिला, खाली ताईंनी तीच फाइल उघडली, आणि आकडा तिथं होता. ताई पडद्याकडं बघतच राहिल्या. फाइल बंद केली, परत उघडली. परत बंद, परत उघडली. मग वर मान करून छताकडं बघितलं, जसा काही आकडा तिथून गळाला असावा. मला तर नाचावंसं वाटत होतं.

होळी झाली आणि आठवड्याभरात दुकानात फोन. नेटवर्क बंद.

मी गेले तर मला आधी वाटलं, भलत्याच इमारतीत आले. खिडक्या गायब. प्रत्येक खिडकीत पत्र्याचा कुलर बसलेला, गवताच्या जाळ्यांतून पाणी ठिबकतंय, नि मोटारींची घरघर. टेबलंही गायब. सगळी उचलून खोल्यांच्या मध्यावर, कुलरच्या झोतात आणून मांडलेली. माझे पॉइंट राहिले कुलरच्या बुडाशी. कुणी वायर ताणून टेबलापर्यंत आणली होती, त्यावरून दिवसभर पाय पडून ती मेली होती. प्रयोगशाळेत तर कुलरचं पाणी सरळ पॉइंटच्या डबीत मुरत होतं. घोडं कुठं पेंड खातंय हे शोधायचीही गरज नव्हती, डोळ्यांसमोर खात होतं.

मी जाम भडकले. दोन दिवस तुमच्या मागं फिरले, इतकं विचारलं, एकालाही हे सांगावंसं वाटलं नाही? प्रयोगशाळेतला माणूस खरोखर बुचकळ्यात पडला. "यात काय सांगायचं?" तो म्हणाला. "उन्हाळा आला की बसायची जागा बदलतेच की."

बदलतेच की! आमच्या अंबडच्या घरात दुसरं काय होत होतं? थंडीत खाटा ओसरीच्या उन्हाला, उन्हाळ्यात कुलरपुढं, पावसाळ्यात गळतं त्या कोपऱ्यापासून लांब. जन्मल्यापासून मी स्वतः खाटा ओढत आले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी त्यांना सगळं विचारलं होतं, फक्त चैत्रात कुठं बसता एवढं सोडून. त्यांनी सांगितलं नाही आणि मला सुचलं नाही, कारण आम्ही सगळे एकाच मातीचे. मला हसू येत होतं आणि रडूपण.

रडू यायचं कारण खाली बसलं होतं. हंगाम तोंडावर आला होता. बियाणं मृगाच्या आधी गावोगाव पोचायला पाहिजे, ट्रक लागायला सुरुवात झाली होती, आणि ताईंच्या पडद्यावर काही म्हणता काही येत नव्हतं. पुतण्या जिन्यावरून वर-खाली पळत आकडे आणून देत होता, आणि मालक ते बघत होते. मी ताईंपुढं जाऊन उभी राहिले. त्यांनीच विचारलं, किती दिवस लागतील. म्हटलं, थोडे द्या. त्यांनी मालकांना वर निरोप धाडला. मालकांनी सांगितलं, या आठवड्यात झालं तर झालं, न्हाई तर सोमवारपासून पुतण्या बसेल.

या वेळेस मी टेप काढलाच नाही. प्रत्येक मजल्यावर सगळ्यांना गोळा केलं आणि खडूनं फरशीवर काढायला लावलं. थंडीत कोण कुठं? उन्हाळ्यात? पाऊस तिरका आला की? लोकांना भलतीच मजा यायला लागली. याची खुर्ची तिकडं नव्हती, त्याचं टेबल कपाटाला लागून होतं, अशी भांडणंसुद्धा झाली. तीन ऋतूंच्या तीन रंगांच्या खुणा एकमेकींवर पडल्या आणि सगळी फरशी चितारून गेली. मी ती बघत बसले. कुठली गोष्ट तिन्ही ऋतूंत जागची हलत नाही?

खांब. प्रत्येक मजल्याच्या मध्यावर चार खांब होते. टेबलं ऋतूप्रमाणं त्यांच्याभोवती फिरत होती, पण लांब कधीच जात नव्हती. मी भिंतीची पट्टी उखडली, वायरी छतावरून खांबांवर आणल्या आणि खांबांच्या अंगावर वर पॉइंट बसवले, पाण्यापासून आणि पायांपासून लांब. आता टेबल कुठंही ओढा.

शनिवारी दुपारी प्रयोगशाळेतल्यानं आकडा टाकला. खाली ताईंनी फाइल उघडली, बघितली आणि दाराकडं तोंड करून ट्रकवाल्याला आवाज दिला, चढव म्हणून. बास, एवढंच. पुतण्या जिन्यात अर्ध्यावर होता, तो तिथंच बसला आणि घाम पुसायला लागला. मला वाटतं त्यालाही बरंच वाटलं असावं.

मालक खाली आले. खांब बघितले, पडदा बघितला, विहिरीतून खाली आलेली माझी केबल बघितली. खूश होते. म्हणाले, "वा, बराबर झालं. मंग आता लिफ्टचं काय काम?"

हे मला कसं दिसलं नव्हतं? आकडा खाली आला म्हणजे ताईंना वर जायची गरज संपली, आणि गरज संपली म्हणजे लिफ्टही संपली. मी ताईंकडं बघितलं. मालक गेल्यावर त्या म्हणाल्या, "खुर्ची मागितली व्हती, मिळाली. जीव बारीक करू नको." मग विचारलं, "तू आत्ता वरूनच आलीस ना? कोंब कसे हायेत?"

मी म्हटलं, अठ्ठ्याऐंशी टक्के.

"आकडा दिसतो मला. कोंब कसे हायेत? जाड हायेत का काटकुळे? अठ्ठ्याऐंशी उगवलेलं बी सगळं लुळं असलं तरी मी शेतकऱ्याला देऊ का?"

मी इतक्या वेळा त्या ट्रेंच्या शेजारी शिडी लावून चढले होते, पण एकदाही आत बघितलं नव्हतं. इतक्या चौकशा करणारी मी! जुन्या गोदामात त्या चार पावलं चालून काय बघायला जात होत्या, हे मी विचारलंच नव्हतं.

मी वर गेले. वाळूत कोंब उभे होते, हिरवेगार, दोन-दोन पानांचे. मी खाली येऊन सांगू शकले असते. पण विहिरीत दोरी अजून लोंबतच होती. प्रयोगशाळेतल्यांनी जुना डबा शोधला, मी झाकणाला तारेचा आकडा करून दिला, आणि आम्ही वाळूसकट चार रोपं खाली सोडली. खालून टण्ण असा आवाज आला. मी विहिरीत वाकून बघितलं. ताई कुबडी टेकवून तिथं उभ्या होत्या. एक रोप त्यांनी बोटांत धरलं होतं, उलटंसुलटं करून बघत होत्या, हसत होत्या.

काम संपल्यावर इमारतीचा नकाशा मालकांच्या हाती द्यायचा असतो. त्यात मी विहिरीतून जाणाऱ्या केबलची निळी रेघ काढली आणि तिच्या शेजारी एक तुटक रेघ. मालकांनी तिच्यावर बोट ठेवून विचारलं, ही कसली वायर?

म्हटलं, "ती दोरी हाय, साहेब. लिफ्ट येईपर्यंत ती काढायची न्हाई."