बहिणीच्या लग्नात चालू राहिलेला कॅमेरा

मंडळी, आज देवरीत आतेबहिणीकडे जेवायला गेलो आणि हातातला घास हातातच राहिला.

तिनं आपल्या लग्नाची जुनी कॅसेट पेनड्राइव्हवर करून आणली होती. ते माझं पहिलं शूटिंग. आज सिनेमांचा कॅमेरामन म्हणून मिरवतो, पण तेव्हा आमगावात भाड्याचा कॅमेरा घेऊन लग्नं करायचो.

अक्षता पडल्या, आणि नंतर टीव्हीवर नुसती सतरंजी अन् लोकांचे पाय. कॅमेरा बंद न करताच खुर्चीवर ठेवून मी पंगतीला बसलो होतो! बहिणीची पोरं खो-खो हसली. मी म्हटलं, "पुढे ढकल ना बाई."

"थांब ना, ऐक त," ती म्हणाली.

पायांमधून कोणीतरी विचारत होतं, "तुमचा पोरगा शेती सोडून हे काऊन करून राहिला जी?"

आणि मग बाबांचा आवाज. बाबा जाऊन अकरा वर्षं झालीत.

"करू दे जी. कॅमेरा डोळ्याले लावला का हासते थो. धानाच्या बांधीत कधी हासला नाही."

माझ्याशी बाबा या कामाबद्दल कधी चकार शब्द बोलले नाहीत. माझा एकही सिनेमा त्यांनी पाहिला नाही, याचा राग मी कितीतरी वर्षं धरून बसलो होतो.

कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे कोण बघतं, सांगा? मी तर हे सगळ्यांना ऐटीत ऐकवत आलो.

त्या मांडवात सगळे नवरानवरीकडे बघत होते. बाबा माझ्याकडे बघत होते.