अक्कांची वजनाची वही

धुळ्याहून येणाऱ्या सकाळच्या एस.टी.चा कंडक्टर कधी खाली उतरत नाही. पार्सल खिडकीतून देतो, घंटी मारतो आणि सुटतो. त्या दिवशी तो उतरला, शाळेच्या फाटकातून आत आला. मी तिसरीच्या वर्गाला पाढे सांगत होतो. "मास्तर, अक्का गयी," एवढंच बोलून तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. मी म्हटलं, "बरं." आणि पोरांना पुढचा पाढा सांगायला लागलो. दीड महिना होत आला, त्या 'बरं'ची मला अजून लाज वाटते.

अक्का म्हणजे पिंपळनेरच्या रस्त्यावरच्या आमच्या चार शिक्षकी शाळेच्या मुख्याध्यापिका. लग्न केलं नव्हतं, धुळ्यात एक धाकटी बहीण, बाकी सगळा संसार शाळेतच. मी ऐंशीनंतर दोन-तीन वर्षांनी तिथे बदलून गेलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात बाई जरा विचित्र आहेत असं माझं मत झालं. महिन्याच्या पहिल्या शनिवारी बाजारातल्या शेठजींच्या दुकानातला धान्याचा वजनकाटा हातगाडीवरून शाळेत यायचा आणि त्यावर एकेक पोर उभं राहायचं. शेठजी म्हणे आधी खूप कुरकुरले होते, "बाईजी, पोरं काय ज्वारीची पोती आहेत का?" त्यावर अक्का म्हणाल्या होत्या, "पोतं कमी भरलं की तुम्ही ओरडता, शेठजी. पोर कमी भरलं तर कोण ओरडतं?" तेव्हापासून काटा न चुकता येऊ लागला. अक्का काट्याशी वाकून आकडा वाचायच्या, मी वहीत लिहायचो. ज्याचं वजन उतरलं, त्याच्या घरी त्या त्याच दिवशी पायी जायच्या. "काय खादं रे सकाळे?" असं विचारायच्या, आणि पोर गप्प राहिलं की स्वतःचा डबा त्याच्यापुढे सरकवायच्या. नखं, डोळे, केसांतल्या उवा, काही म्हणून सुटायचं नाही. पोरांचं झालं की काट्यावर मास्तरांनी चढायचं. "आजारी मास्तर शिकवत नाही, मारतो," हे त्यांचं ठाम मत. सामानाच्या खोलीत एक चटई अंथरलेली असायची. ज्याचं डोकं ठिकाणावर नाही त्यानं वर्गात जायचं नाही, अर्धा तास चटईवर पडायचं, वर्ग अक्का सांभाळणार. आम्ही मागून हसायचो. खरं सांगतो, मी तर जरा जास्तच हसायचो.

मग माझ्यावर पाळी आली. बायको भांडून जळगावला माहेरी निघून गेली होती. मी कुणाला सांगितलं नव्हतं, घरी चूल पेटत नव्हती, आणि एक दिवस दुसरीतल्या एका मुलीच्या हातावर मी पट्टी इतक्या जोरात मारली की वळ उठला. अक्का आल्या, माझ्या हातातली पट्टी काढून घेतली आणि पोरांसमोर एक शब्द न बोलता चटईच्या खोलीकडे बोट दाखवलं. त्या शनिवारी मी काट्यावर चढलो तर त्या वाकूनच राहिल्या. "भाऊ, दोन महिन्यांत चार किलो. घरी काय झालंय?" मी उखडलो, तुम्हाला काय करायचंय म्हणालो... आणि तिथेच, हातगाडीवाल्यासमोर, ढसाढसा रडलो. दुसऱ्या दिवशी त्या माझ्याबरोबर एस.टी.त बसून जळगावला आल्या आणि माझ्या सासऱ्यांच्या ओटीवर ठाण मांडून बसल्या. बायकोला घेऊनच उठल्या. माझं घर आज उभं आहे ते त्या काट्यामुळे.

आता जे लिहायचंय त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आणि तेच लिहवत नाही. अक्कांचा नंबर सगळ्यांत शेवटी. तोवर शाळा सुटायची वेळ झालेली असायची, हातगाडीवाला घाई करत असायचा, मी वही मिटायच्या बेतात. आकडा वाचायचा तो खरं तर मी. पण अक्का म्हणायच्या, "लिहा भाऊ, मागचंच. बठ्ठं बरं शे." सगळं बरं आहे म्हणे, आणि मी लिहायचो, 'मागीलप्रमाणे'. कार्यालयीन सवय हो, हजेरीपासून टपालापर्यंत आम्ही मास्तर लोक तेच तर लिहीत असतो. आधी त्या काट्यावर उभ्या तरी राहायच्या. पुढे पुढे उभ्याही राहीनात. साडीच्या निऱ्या ओघळायला लागल्या, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या, हे मला आज दिसतंय. तेव्हा रोज समोर बसून दिसलं नाही.

अक्का वर्गात कोसळल्यावर बहिणीनं त्यांना धुळ्याला नेलं आणि मला निरोप आला: डॉक्टर विचारतात वजन कधीपासून उतरतंय, शाळेत वही आहे असं अक्का म्हणतात, ती घेऊन या. मी वही घेऊन निघालो. एस.टी.त उघडली. पोरांच्या पानांवर आकडेच आकडे, कोण कधी उतरला, कोण कधी भरला, सगळं. आणि शेवटच्या ओळीत, महिन्यामागून महिना, माझ्याच वळणदार अक्षरात, मागीलप्रमाणे, मागीलप्रमाणे, मागीलप्रमाणे. बस थांबवून उतरून जावंसं वाटलं. डॉक्टरांनी पानं उलटली, पोरांचे आकडे कौतुकानं पाहिले आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. अक्कांच्या पोटात गाठ होती, फार उशीर झाला होता.

अक्कांना मी म्हणालो, "का केलंत असं?" त्या खाटेवर चादरीएवढ्याच उरल्या होत्या. म्हणाल्या, "मी धुळ्याच्या खेपा घालत बसले असते तर काटा कोणी आणला असता, भाऊ?" मग माझा चेहरा बघून, "तुम्ही खोटं नाही लिहिलं. मी सांगितलं तेच लिहिलं." ही समजूत मला आजही टोचते. मला अक्कांचा राग येतो. साऱ्या गावाच्या पोटाची चौकशी करणाऱ्या बाईनं स्वतःच्या पोटाला आम्हाला हात लावू दिला नाही. आणि आम्ही तरी कुठे लावायला गेलो? जिनं माझे चार किलो हेरले, तिचं वजन मी एकदा वाकून वाचलं नाही.

परवा पहिला शनिवार होता. शेठजींनी न सांगता काटा पाठवला. आकडे आता मी वाचतो, लिहायला नवीन आलेल्या बाई असतात, मनानं चांगल्या आहेत. पोरं झाली, मास्तर झाले, मी शेवटी राहिलो. गेल्या दीड महिन्यापासून मला जेवण जात नाही, पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली आहेत. शाळा सुटायला आली होती, हातगाडीवाला उभा होता. बाई पेनाचं टोपण लावता लावता म्हणाल्या, "सर, तुमचं मागचंच लिहू ना?"

मी काट्याकडे पाहिलं. अक्का असत्या तर... आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हो. मागचंच लिहा."

त्यांनी लिहिलं. वही मी कपाटात ठेवली आणि घरी आलो.