तॉफी पिणारं दुसरं बाळ

हसणार असाल तर आधीच पोटभर हसून घ्या, कारण मी शेजाऱ्याच्या दारात जाऊन जे केलंय ना, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

आमची कावेरी, वय साडेचार. तिला 'क' म्हणता यायचा नाही, 'क'चा 'त' व्हायचा. कप म्हणजे तप, काकडी म्हणजे तातडी! घरात आम्हाला गोडच वाटायचं हो. पण बालवाडीत तिनं नाव सांगितलं 'तावेरी', पोरं हसली, आणि त्या दिवसापासून पोरगी बाहेर कुणाशी बोलेचना. कुणी नाव विचारलं की आईच्या ओढणीमागे.

मग चिंचवडला एका स्पीच थेरपिस्ट मॅडमकडे नेऊ लागलो. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "ती कशीही बोलू दे, तुम्ही तिच्यासारखं बोलायचं नाही." मी म्हटलं, छे हो! मी चाकणला कंपनीत क्वालिटीला आहे. माझ्या हातून डिफेक्ट सुटेल?

काही महिन्यांनी मॅडम म्हणाल्या, "घोकलेले शब्द ती माझ्यासमोर बरोबर म्हणते. पण खरी प्रगती मोजायची तर न शिकवलेले शब्द, खेळाच्या नादात कसे येतात ते ऐकायला हवं. रेकॉर्ड करून पाठवा."

रविवारी आकुर्डीच्या आमच्या हॉलमध्ये भातुकली मांडली, बाहुलीला पाहुणी म्हणून बसवलं, रेकॉर्डिंग चालू करून मोबाइल सोफ्याखाली सरकवला, आणि खेळ झाल्यावर ते न ऐकताच पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन. "अभिनंदन! कावेरीचा 'क' नव्या शब्दांतही पक्का आहे." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, राव! एवढ्यात त्या म्हणाल्या, "पण ते दुसरं बाळ कोण? त्याचा एकही 'क' लागत नाहीये. त्याच्या आईवडिलांना सांगा, दाखवून घ्या."

दुसरं बाळ? आमच्या घरात? मी चक्रावलो. मग आठवलं, समोरच्या बालाजीभाऊंची परी! सदानकदा आमच्याकडेच असते, कालही खेळात मध्येच घुसली असेल. आता गप्प बसणं बरं का? गेलो, बेल वाजवली, चेहरा गंभीर केला.

"भाऊ, परीचं बोलणं जरा तपासून घ्या. तिला 'क' येत नाही."

बालाजीभाऊ मूळचे लातूरचे, माणूस एकदम रोखठोक. "काय बोलायलाव? आमची परी 'कोकणकडा' सुदीक म्हणते!"

"अहो, रेकॉर्डिंगमध्ये सापडलंय."

"कवाच्या?"

"कालच्या."

"परी तर शुक्रवारपासनं आजोळी हाय की!"

आता मी पुरता गोंधळलो. मग घरात शिरलं कोण? तोवर माझी बायको सुनीता, बालाजीभाऊंची बायको, वरच्या मजल्यावरचे जोशी, सगळे जिन्यात गोळा. भाऊ म्हणाले, "लावा बरं ते रेकॉर्डिंग." मी फुल आवाजात लावलं.

एक चिरका, लाडिक आवाज आला, "मला तॉफी दे! तेत दे! तितीला आहे पार्टी?"

"कोण हो हे कार्टं?" जोशी म्हणाले.

सुनीतानं कपाळाला हात लावला. "अहो, ही बाहुली आहे. आणि बाहुलीचा आवाज कोण काढतं?"

तेवढ्यात मोबाइलमधून कावेरीचा खणखणीत आवाज आला, "बाबा, नीट बोल ना! कॉफी! केक!"

जिना हादरला हो हसण्यानं! भाऊ तर पायरीवरच बसले. आणि मी? पोरगी अबोल झाली तेव्हा तिला हसवायला काढलेला तो आवाज महिनोन्‌महिने रोज काढत होतो, आणि ते माझ्या गावीही नव्हतं!

शेवटी लाज सोडून मॅडमना फोन केला. "मॅडम, ते दुसरं बाळ... मीच."

मग त्या गंभीरपणे म्हणाल्या, "म्हणजे घरात रोज हे ऐकूनसुद्धा ती सुधारली? थांबा, मग मी तिची प्रगती फारच कमी मोजली!"