कितीवरून पडलात?

दवाखान्यातल्या प्लास्टरच्या खोलीत बावीस वर्षं मोडकी हाडं बांधणाऱ्या माणसाला सगळे मामा म्हणत. मामांना एक खोड होती. कुणी कळवळत समोर येऊन बसलं, की यांचा पहिला प्रश्न, "कितीवरून पडलात?" अहो, त्याचा जीव चाललाय आणि तुम्हाला उंचीची पडलीय! डॉक्टरीणबाईंनी दोनदा झापलंही होतं. पण मामा कसले ऐकतायत!

कारण एक कोडं त्यांना सुटत नव्हतं. गच्चीच्या कठड्यावर उभं राहून काम करणारे धडधाकट घरी जातात आणि फळीवरची बरणी काढायला स्टुलावर चढलेल्या आजीबाई खुबा मोडून येतात, हे कसं काय? मामांनी आपल्या परीनं उत्तर काढलं होतं. उंचावर माणूस जपून असतो, पाय चाचपून टाकतो. कमरेएवढ्या उंचीला कोण भितो? आणि तिथून पडताना अंग सावरायला वेळच मिळत नाही. हात तेवढा पुढे जातो आणि मनगट कामातून जातं.

त्या दुपारी एक रंगारी बायकोला घेऊन आला. त्याचं डावं मनगट सुजून टम्म.

"कितीवरून?"

"घोड्याच्या, म्हणजे आमच्या दुपाखी शिडीच्या, तिसऱ्या पायरीवरून. एक पट्टा रंगवून झाला की खाली कोण उतरतंय? दोन्हीकडे पाय टाकून घोडा तसाच चालवायचा, टकटक करत. आम्ही सगळेच करतो हो. आज त्याचा एक पाय फरशीच्या खाचेत अडकला. किती वाजले?"

"अडीच."

"आटपा ना मामा," बायको म्हणाली. "बाहेर गाडी थांबवलीय."

मामांनी प्लास्टरची पट्टी पाण्यात बुडवली, पण जीभ थोडीच गप्प बसणार? "मग उजवा हात कुठे होता?"

"त्यात रंगाचा डबा!" रंगारी ऐटीत म्हणाला. "मालकिणीच्या नव्या फरशीवर एक थेंब सांडू दिला नाही. किती वाजले?"

मामा चरकले. एवढा दांडगा गडी एका हातावर पेलणार कसा? मग बाकीचं अंग कशावर आदळलं?

"डोकं आपटलं का?"

"छे! जरा ठणकतंय, पण ते उपाशी आहे म्हणून."

मामांनी त्याच्या केसांतून बोटं फिरवली. कानामागे लिंबाएवढं टेंगूळ लागलं. समोर भिंतीवर एवढं मोठं घड्याळ, तरी रंगाऱ्यानं तिसऱ्यांदा विचारलं, "किती वाजले हो?"

पट्टी बादलीतच टाकून मामा डॉक्टरीणबाईंकडे धावले. बायको भडकलीच. "हात मोडलाय त्यांचा! डोक्याचं काय घेऊन बसलात?"

डोक्याचा सीटी स्कॅन काढला तर कवटीच्या आत रक्त साकळत होतं. तासाभरात ऑपरेशनला घेतलं. बायको दाराशी बसून राहिली, आणि काम संपल्यावर मामाही तिथेच आले. संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "वाचले. घरी जाऊन झोपले असते तर पुन्हा उठले नसते."

बायकोनं मामांचे दोन्ही हात धरले. "तुम्हाला कसं हो कळलं?"

होय-नाही करून वेळ मारून नेता आली असती. मामांना ते जमलं नाही.

"कळलं कुठे, ताई? मी आपला सवयीनं विचारत सुटलो होतो. पट्टी भिजवून हातात घेतली होती मी. पाच मिनिटांत बांधून 'जा घरी' म्हणणार होतो."

बोलता बोलता त्यांनी भिंतीचा आधार घेतला. तिनंच त्यांना धरून बाकावर बसवलं.