कॅनडातलं कन्नौद

एका जागी बसून चिंता करणं मला जमत नाही. मी हिंडून चिंता करतो. त्या शनिवारीही देवासच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये मी मागच्या भिंतीशी येरझारा घालत होतो आणि पुढे एक सुटाबुटातला मुलगा पडद्यावर कॅनडाचे विभाग समजावून सांगत होता. परदेशी शिकायला निघालेल्या मुलांसाठी आणि त्यांच्या घाबरलेल्या आईबापांसाठी ही माहितीसभा होती. चहा-कचोरी फुकट होती, पण माझ्या घशाखाली कचोरीसुद्धा उतरत नव्हती. यावरून काय ते समजा.

लेकीला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला होता. एक टोरंटोजवळच्या कॉलेजात, अन्नप्रक्रियेचा. दुसरा पार मधल्या सपाट मुलखात, मातीचा अभ्यास करण्याचा. शेतकीची पदवी झाल्यापासून तिला मातीचं वेड लागलंय. आमच्या फ्रिजमध्ये चटणीच्या शेजारी मातीच्या पुड्या असतात. सोमवारपर्यंत एका ठिकाणी होकार कळवायचा होता. टोरंटोत माझ्या चुलतभावाचा मुलगा राहतो. मातीच्या गावात आपलं कोणी नाही. माझ्या मते विषय इथेच संपत होता. तिच्या मते तो सुरूच झाला नव्हता.

"पूरब में समंदर, बीच में गेहूँ के मैदान, पश्चिम में पहाड़," असं तो मुलगा सांगत असताना मी हात वर केला.

"भिया, टोरंटो से ये बीच वाले इलाके में शनिवार को निकलें, तो इतवार शाम तक खाना देके लौट आएँगे क्या?"

"फ्लाइट से, अंकल?"

"नहीं, बस से."

हॉल हसला. लेक खुर्चीत इतकी खाली सरकली की नुसती वेणी दिसत राहिली. "अंकल, बस से तो जाने-जाने में दो दिन समझ लो," तो म्हणाला. पोरगा सभ्य होता, हसला नाही.

प्रश्न मूर्खपणाचा होता, पण घराण्याला धरून होता. आमच्याकडे पोर बाहेरगावी पाठवायची तर आधी तिथे घर बघतात. खोली नव्हे, घर. रविवारी न सांगता जेवायला जाता येईल असं. मी स्वतः देवासला शिकायला आलो तो आईच्या मामेबहिणीकडे राहून, आणि धारहून लाडवांचा डबा बसच्या ड्रायव्हरच्या हाती यायचा. पुढे इथल्याच कारखान्यात स्टोअर सांभाळायला लागलो, त्याला तीस वर्षं होतील. कुठली वस्तू कुठल्या रॅकवर आहे हे ठाऊक असलं की मला बरं वाटतं. आणि आता पोरगीच बिनरॅकाची होऊ पाहत होती.

आमच्याकडे या बाबतीत शेवटचा शब्द धारच्या आत्याबाईंचा. माझ्या वडिलांची ही धाकटी बहीण, वय अठ्ठ्याहत्तर, जन्म धारमध्येच शाळामास्तरीण म्हणून गेला. रविवारी लेकीला घेऊन त्यांच्याकडे निघालो. त्या टोरंटोच म्हणणार याची मला खात्री होती. म्हणून तर निघालो होतो.

इंदूर मागे पडल्यावर लेक म्हणाली, "बाबा, तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर तुम्ही म्हणा. आजीच्या तोंडून नका म्हणवून घेऊ."

मी एसी कमी केला. मग जास्त केला. पोरीला मराठी वाचताना अक्षरं लावावी लागतात, पण बापाला ती घडाघडा वाचते.

आत्याबाईंनी पोहे पुढे ठेवले, चष्मा लावला आणि सभेत मिळालेला नकाशा टेबलावर पसरायला लावला. "हं, सांग."

सांग म्हटलं की मला चेव येतो. "हे टोरंटो म्हणजे आपलं इंदूर समजा, आत्याबाई. नोकऱ्या, गर्दी, नातेवाईक. पश्चिमेचा हा किनारा म्हणजे धरमपुरी. पाणी, नावा. आणि हे वरचं सगळं लांबच लांब, ते गंधवानी. वस्ती विरळ."

"बाबा, तिथे बारा महिने बर्फ असतो!"

"तू गप. मोठ्यांना कल्पना यायला हवी."

"आणि हे मधलं?" आत्याबाईंनी विचारलं.

"हे? हे आपलं कन्नौद. गहू, सपाट जमीन, धान्याचा बाजार. सातनंतर रस्त्यावर कुत्रं दिसायचं नाही." मग आवाज खाली आणून मी मुद्द्यावर आलो. "आणि तिथे आपलं कोणीही नाही."

आत्याबाईंचं बोट नकाशावर तिथेच थांबलं. "कन्नौदची गोष्ट तू लग्नाकार्यात सांगतोस ना रे?"

सांगतो. माझी हुकमी गोष्ट आहे ती. आत्याबाईंना तरुणपणी कन्नौदच्या सरकारी शाळेत नेमणूक मिळाली, तिथलं पाणी मानवलं नाही, नवव्या दिवशी पोट धरून धारला परत. यात पोट धरून बसमधून उतरणाऱ्या आत्याबाईंची नक्कल आहे. गेल्याच वर्षी एका मुंजीत लोकांनी ती मला दोनदा करायला लावली होती. आत्याबाई पहिल्या रांगेत होत्या, आणि हसत होत्या.

"पाणी चांगलं होतं," त्या म्हणाल्या. "तुझा बाप न्यायला आला. म्हणाला, इथे आपलं घर नाही, चल. मी वर्गात साताचा पाढा घेत होते. सात पंचे पस्तीसवर सोडून आले."

मी उठून पाणी प्यायलो.

"आणि घर नव्हतं कसं?" त्या पुढे म्हणाल्या. "शेजारी एका आडत्याची बायको होती. पहिल्या दिवसापासून मला जेवायला हाक मारायची. तिची मालवी मला निम्मी कळायची नाही, माझी मराठी तिला मुळीच नाही. आठही दिवस तिच्याकडे जेवले."

"मग हे बाबांच्या बाबांना का नाही सांगितलं?" लेकीनं विचारलं.

"विचारलंच नाही कोणी. पाण्याचं आपलं तोंडी बसलं सगळ्यांच्या." मग चष्म्यावरून तिच्याकडे पाहत म्हणाल्या, "तुला कुठे जायचंय?"

लेकीनं बोट ठेवलं. आत्याबाईंच्या बोटाशेजारीच.

"होकार इथून कळवता येतो?"

"येतो, आजी. फोनवरूनच."

"थांब, थांब," मी म्हणालो, "आधी टोरंटोला पुतण्याला एकदा विचारू. या मधल्या भागात थंडी फार असेल, घर मिळतं की नाही..."

"त्यालाही तिथे पोचायला बसनं दोन दिवस लागतात, बाबा. तुम्हीच विचारलंत."

तिनं बटण दाबलं. काही वाजलं नाही, काही पडलं नाही. पोह्यांवरची शेव मऊ झाली होती, तीच मी खात बसलो. बसलो म्हणजे उभ्यानंच.

निघताना आत्याबाईंनी लेकीला सांगितलं, "तुझी जायची तारीख कळव. लाडवांचे दोन डबे करीन. एक तुझा, एक शेजारणीचा. गेल्या गेल्या नेऊन दे."

"कुठल्या शेजारणीचा?" मी विचारलं.

"आता मी कशी सांगू? ती तिथे आहे."

ती ऑगस्टमध्ये जाणार, त्याला अजून तीन महिने आहेत. स्टोअरमध्ये रोज डबे, खोकी, पेट्या चढवतो-उतरवतो, प्रत्येकावर कुणाचा माल ते लिहिलेलं असतं. मध्येच तो शेजारणीचा दुसरा डबा आठवतो आणि मी उगाच उठून रॅकांमधून एक फेरी मारून येतो. यंदा कोणाच्याही लग्नात मी कन्नौदची गोष्ट सांगितलेली नाही. लोक आग्रह करतात. मी पाणी प्यायला जातो.