चुकीनंतरची दोन मिनिटं

"बघा पोरांनो, मास्तर चुकला!" असं म्हणत सर कॅमेऱ्यासमोर स्वतःचाच कान पकडायचे. प्रत्येक व्हिडिओत एकदा.

मास्तर तुम्हीही पुष्कळ पाहिले असतील. पण मुद्दाम चुकणारा मास्तर अख्ख्या मराठवाड्यात एकच, आणि तो माझ्या नांदेडच्या खोलीत विज्ञान शिकवायचा. रिटायर झालेले सर हदगावहून पहिल्या एसटीनं यायचे. पिशवीत कधी नारळ, कधी सायकलचा पंप, एकदा तर जिवंत कोंबडी. माझ्या माईकचा स्पंज खाऊन ती दिवसभर अगदी स्पष्ट उच्चारात कुरकुरली, हे शपथेवर सांगतो.

माझा धंदा असा: सरांचे व्हिडिओ मी वेबसाइटवर परवान्यानं विकायचो. क्लासवाल्यानं वर्षाचा परवाना घ्यायचा, कोपऱ्यात आपल्या क्लासचं नाव टाकायचं, आपल्या पोरांना दाखवायचं. सरांची अट एकच. "माझी चूक कापायची न्हाई. चूक पकडताना पोरगं जागं होतं. लई घाई हाय का कुणाला?"

लातूरच्या एका क्लासवाल्याला होती. "भाऊ, आमचं पोरगं पाणी पितानाही गणित सोडवतं. त्याला मास्तर चुकताना दाखवू? छोटी आवृत्ती द्या."

"हाव," मी म्हणालो. पन्नास व्हिडिओ एका दुपारीत कापले; नीट न बघता, कान पकडण्याच्या आगेमागची दोन मिनिटं सरसकट उडवली. सरांना विचारलं नाही.

त्यातला एक वस्तू खाली पडण्यावरचा. सर स्टुलावर चढून सांगतात, "जड वस्तू आधी खाली पडते." मग दोन किलोचं वजन आणि एक लिंबू एकदम सोडतात. दोन्ही बरोबरच पडतात. (तेव्हा माझ्या फरशीला गेलेली भेग थेट गोदावरीला जाऊन मिळाली.) मग कान पकडणं, मग खरा नियम. मी कापलं काय? वजन, लिंबू, कान आणि नियम. ठेवलं काय? "जड वस्तू आधी खाली पडते. आलं का ध्यानात?"

क्लासच्या परीक्षेत झाडून सगळ्या पोरांनी तेच लिहिलं. क्लासवाल्याचा तापलेला फोन आला. तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं, ते तिखटमीठ न लावता इथं लिहितो: "सरांचं वय झालंय हो."

त्यानं तो व्हिडिओ सरांनाच पाठवला आणि फोनवर चार शब्द सुनावले. दुसऱ्या दिवशी सर हजर. हातात पिशवी नव्हती.

"सुधारायचं राहूनच गेलं रे माझ्याकडून," ते खुर्चीत बसत म्हणाले. "मला तर पक्कं आठवून राहिलंय, लिंबू टाकला होता म्हणून. पण त्यात दिसत न्हाई. डोकं दगा देऊन राहिलं आता."

लिंबू टाकलेला अख्खा व्हिडिओ टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये होता. सरांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर.

मी विचारलं, "चहा सांगू का, सर?"

"कॅमेरा लाव."

त्यांनी हात जोडून लातूरच्या पोरांची माफी मागितली, बरोबर नियम सांगितला आणि एसटी गाठायला निघाले. तो व्हिडिओ मात्र मी कुठंही न कापता पाठवला.

त्यानंतर ते आले नाहीत. फोन केला की म्हणायचे, "नको बाबा, पोरांचं नुकसान होतं."

महिनाभरानं मी लॅपटॉप घेऊन हदगावला गेलो. वाटेत कबुलीची अकरा भाषणं रचली. एकेक असं, की ऐकून दगडालाही हुंदका यावा. सर ओट्यावर बसले होते. मी शेजारी टेकतो न टेकतो तोच शेजारची मुलगी पुस्तक घेऊन आली.

"आजोबा, हे असं का होतं, सांगा ना."

सरांनी चष्मा लावला. पानावर बोट ठेवलं. ते बोट एका ओळीवर बराच वेळ थांबलं.

"शाळेत विचार बाई," त्यांनी पुस्तक मिटून तिच्या हातात दिलं. "माझं खरं नको धरू."

ती गेली. सर माझ्याकडं वळले.

"तू कसा काय आलास रे?"

"असंच," मी म्हणालो, आणि मांडीवरची लॅपटॉपची पिशवी पाठीमागं सरकवली.